मामांची ताकुमार आणि गोव्याची हवा

माझे मामा तारवटी होते. बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसासाठी गोव्यात हाच शब्द रूढ आहे. वर्षातील नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले तीन फोंड्याजवळच्या घरी, असा त्यांचा क्रम मी लहानपणापासून पाहिला. १९७० च्या सुमारास त्यांनी जपानमधील एका बंदरात पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेरा विकत घेतला. त्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक कधीच बंद पडला, परंतु त्याच्यावरची ५० मिमी, एफ/१.४ सुपर ताकुमार ही लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाश आत येण्याचे छिद्र मोठे) गेली काही वर्षे माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर आहे, आणि माझे आवडते बहुतेक फोटो मी तिनेच काढले आहेत. जुन्या लेन्सविषयी मला बरेच जण विचारतात, विशेषतः ज्यांच्या घरी अशीच एखादी लेन्स कपाटात पडून आहे ते. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मी ती लेन्स मागितली, तेव्हा ती चामड्याच्या घट्ट आवरणात आणि ते आवरण मामींच्या जुन्या साड्यांखाली होते. “मामा, ही मी घेतली तर चालेल का?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “घे ना बाय. पण फोटो काढ हां तिने. कपाटात ठेवायची तर माझ्याकडेही होतीच.” आवरण उघडल्यावर ओल्या पावसाळ्याचा वास आला. लेन्स पांढऱ्या कागदासमोर धरून मागच्या बाजूने पाहिले, तर कागद चहात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. खिडकीकडे तोंड करून पाहिल्यावर काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-तीन बारीक धागेही दिसले. पिवळेपणा आणि बुरशी ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

आधी या लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसतात कशा, ते सांगते, कारण संपूर्ण विषय एका अंतरावर उभा आहे. लेन्स जिथे कॅमेऱ्याला टेकते ते कडे आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातील अंतर प्रत्येक माउंटसाठी, म्हणजे लेन्स जोडण्याच्या पद्धतीसाठी, ठरलेले असते. मामांची लेन्स एम४२ या स्क्रू माउंटची आहे. ४२ मिमी व्यासाचे आणि १ मिमी पिचचे (दोन आट्यांमधील अंतर) हे साधे आटे १९४९ च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यापासून चालत आलेले आहेत आणि जपान, पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ अशा अनेक ठिकाणच्या कारखान्यांनी ते वापरले. एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागते. निकॉनच्या एफ माउंटच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिमी आहे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या आत साधारण एक मिलिमीटर घुसवल्याशिवाय दूरचे डोंगर स्पष्ट येणार नाहीत. त्यामुळे निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, अशी लेन्स लावायची, तर अडॅप्टरमध्ये जास्तीची एक काच घालावी लागते आणि ती काच चित्राचा कस घालवते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी अंतर असल्याने तिथे जेमतेम दीड मिलिमीटरच्या कड्यावर काम भागते. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे हे अंतर एकदम कमी झाले आहे: सोनी ई माउंटला १८ मिमी, निकॉन झेडला १६ मिमी, कॅनन आरएफला २० मिमी. उरलेली जागा भरून काढण्यासाठी लागते ती फक्त एक पोकळ नळी. माझ्या सोनीच्या ए७ मालिकेतील दुसऱ्या पिढीच्या कॅमेऱ्यासाठी ती नळी साडेसत्तावीस मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तिच्यात काच नाही, विजेचे टोक नाही, काहीही नाही.

काही नसले, तरी नळी नीट घेतलेली बरी. माझा पहिला अडॅप्टर स्वस्तातला होता. आतून चकचकीत असल्यामुळे उन्हातल्या प्रत्येक फोटोच्या मधोमध एक फिकट डाग येत असे आणि मी बरेच दिवस त्याचा दोष लेन्सच्या जुनेपणाला देत राहिले. नळीच्या आत काळा मखमली चिकटकागद लावल्यावर डाग गेला. बहुतेक अडॅप्टर हेतुपुरस्सर किंचित आखूड केलेले असतात, म्हणून फोकसचे कडे अनंताच्या, म्हणजे सर्वांत दूरच्या अंतराच्या, खुणेच्या थोडे अलीकडेच अनंतावर पोहोचते. ते चालते, अडॅप्टर लांब झाला, तर मात्र दूरचे काहीच कधी स्पष्ट होणार नाही.

आता पिवळेपणा. या लेन्सच्या सात काचांच्या आवृत्तीत मागच्या बाजूच्या काचेमध्ये थोरियम ऑक्साइड मिसळलेला आहे. त्या काळी प्रकाश जास्त वाकवणारी, पण रंग फार न फाकवणारी काच बनवण्याचा तो एक मान्य मार्ग होता आणि अनेक देशांतील लेन्समध्ये तो वापरला गेला. थोरियम किरणोत्सारी आहे, आणि त्या किरणांमुळेच वर्षानुवर्षांत काचेच्या रचनेत रंग धरणारी केंद्रे तयार होऊन काच पिवळी, मग तपकिरी होत जाते. नेहमीच्या वापरात या लेन्सपासून घाबरण्यासारखे काही नाही, पण ती फोडू नये, घासू नये, आणि तिची काच डोळ्याला लावायच्या भिंगासाठी वापरू नये. सुदैवाने हा पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो, आणि अतिनील प्रकाशाची आमच्याकडे वानवा नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली, पावसाळा संपला आणि ऑक्टोबरची उन्हे पडू लागली, तेव्हा घराच्या राजांगणात, म्हणजे मधल्या चौकात, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ॲल्युमिनियमचा कागद पसरून मी लेन्स ठेवू लागले. पुढचे झाकण लावलेले, मागची काच आकाशाकडे आणि लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडे. सकाळी आठ ते दहा, एवढेच. दुपारच्या उन्हात धातू तापतो, आतले ग्रीस पातळ होते आणि तेल छिद्राच्या पात्यांवर उतरते; शिवाय लेन्स म्हणजे भिंगच असल्यामुळे झाकणाशिवाय ठेवली, तर तिच्याखाली काहीही पेट घेऊ शकते. मी रोज तिच्याजवळच बसत असे. साधारण तीन आठवड्यांत चहाचा रंग जाऊन काच जवळजवळ पाण्यासारखी झाली. कॅमेऱ्याचे स्वयंचलित रंगसंतुलन हा पिवळेपणा झाकून टाकते, म्हणून पुष्कळांना तो जाणवत नाही, पण तो प्रकाशही खातो. नंतर त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली मला कमी आयएसओवर, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून, काम भागवता आले.

बुरशीचे मात्र उन्हाने भागत नाही. ऊन तिची वाढ थोपवू शकते, पण काचेवर उमटलेला धागा तसाच राहतो. आमच्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबरमध्ये भिंतीसुद्धा घाम गाळतात. हवेतील आर्द्रता बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली, तर धुळीच्या आणि बोटांच्या तेलाच्या कणांवर बुरशी पोसते, आणि तिच्यातून निघणारी आम्ले काचेवरील लेप कुरतडतात. लेप एकदा खाल्ला गेला, की बुरशी पुसली तरी तिची नक्षी राहते. म्हणून धागे दिसल्याबरोबर हालचाल केली पाहिजे. मामांच्या लेन्सचा घात त्या सुंदर चामडी आवरणाने केला होता. चामडे ओल धरून ठेवते आणि ते स्वतःच बुरशीचे अन्न आहे. जुन्या कॅमेऱ्याचे चामडी आवरण आठवण म्हणून जरूर जपावे, पण लेन्स त्यात ठेवू नये.

या बाबतीत मला एक वाईट अनुभव आला. मी ती लेन्स एका शहरातील दुरुस्तीच्या दुकानात दिली. पंधरा दिवसांनी ती परत मिळाली तेव्हा बुरशी गेली होती, पण मागच्या कड्याच्या खाचांवर पक्कड घसरल्याचे ओरखडे होते, आणि घरी येऊन पाहते, तर कडे अनंतावर फिरवले तरी दहा-बारा मीटरपलीकडचे सगळे धूसर. लेन्समध्ये फोकससाठी जे आटे असतात, त्यांना सुरुवातीची अनेक तोंडे असतात; काढताना कोणत्या तोंडातून सुटले त्याची खूण केली नाही आणि जोडताना भलत्या तोंडात धरले, की लेन्स फिरते छान, पण चुकीच्या अंतरावर फिरते. दुकानाने जबाबदारी घेतली नाही. पुढे एका जुन्या, निवृत्त कारागिराने माझ्यासमोर बसून ती पुन्हा उघडली. आटे सुटण्याच्या क्षणी त्यांनी सुईने दोन्ही नळ्यांवर बारीक रेघ ओढली, आणि मग एकेक तोंड लावून, दर वेळी समोरच्या टेकडीवरच्या मनोऱ्याकडे कॅमेरा रोखून खात्री केली. चौथ्या तोंडाला मनोरा स्पष्ट झाला. लेन्स दुरुस्तीला द्यायची असेल, तर आधी तिचा अनंतावरचा एक फोटो काढून ठेवा आणि परत घेताना दुकानाच्या दारातच तसाच दुसरा काढा.

माझ्या सगळ्या लेन्स आता रबराची कड असलेल्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात आहेत. आत सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असला पाहिजे. तीसच्या खाली नेण्याचा अट्टाहास करू नये, फार कोरड्या हवेत ग्रीस सुकते. जेलचे दाणे ओल शोषून रंग बदलतात. मग ते कढईत मंद आचेवर परतून घेतले, की पुन्हा कामाला येतात, फक्त ती कढई स्वयंपाकाला वापरू नये. ज्यांना परवडते त्यांनी विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे. पण लेन्स दर आठवड्याला बाहेर काढून वापरणे हा त्याहून चांगला उपाय आहे असे माझे मत आहे, कारण मामांची लेन्स बिघडली ती बोटीवरच्या खाऱ्या हवेत नाही, घरच्या कपाटात.

कॅमेऱ्याची तयारी थोडक्यात सांगते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात कोणताही संवाद नसल्यामुळे कॅमेऱ्याला लेन्स लागलीच नाही असे वाटते. म्हणून मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याची मुभा द्यावी लागते. सेन्सर हलवून कंप रोखणारी यंत्रणा असेल, तर तिला लेन्स किती मिलिमीटरची आहे ते हाताने सांगावे लागते. मी एकदा १३५ मिमीचा आकडा तसाच ठेवून ५० मिमीची लेन्स लावली आणि एक अख्खी संध्याकाळ हललेले फोटो घेऊन घरी आले. लेन्सवर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असेल, तर तो मॅन्युअलवर हवा, नाहीतर कडे फिरवूनही छिद्र उघडेच राहते. यानंतर ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे छिद्र आपण ठरवल्यावर, कॅमेरा शटरचा वेग स्वतः ठरवतो. फोटोसोबत छिद्राची नोंद मात्र होत नाही. मी ती खिशातल्या वहीत करते, आणि त्या वहीमुळे मला ही लेन्स जितकी कळली तितकी दुसरी कोणतीच लेन्स कळलेली नाही.

वहीतील नोंदींचा अर्थ असा निघतो. एफ/१.४ वर उजळ भागांभोवती हलके तेज पसरते आणि चित्र मऊ होते. हा गोलीय विपथनाचा, म्हणजे काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जमण्याचा, परिणाम आहे आणि लहान मुलाच्या चेहऱ्यावर तो शोभतो, देवळाच्या कोरीव खांबावर नाही. एफ/२ वर तेज बरेचसे ओसरते, एफ/२.८ वर मधला भाग आजच्या लेन्सशी बरोबरी करतो, आणि एफ/५.६ नंतर कोपरेही येतात. ४५ सेंटिमीटरहून जवळ जाता येत नाही. छिद्र बदलताना फोकसची जागाही किंचित सरकते, म्हणून एफ/२ वर फोटो काढायचा असेल, तर फोकसही एफ/२ वरच करावा. फोकससाठी कडांना रंग देणारे पीकिंग उपयोगी आहे, पण मोठ्या छिद्रावर ते जरुरीपेक्षा जास्त उदार असते आणि नाकावरही रंग दाखवते, डोळ्यावरही. मी चित्र मोठे करून पापणी पाहते. मामांना स्पॉटमॅटिकच्या पडद्यावर हे इतक्या जवळून कधीच पाहता आले नाही. अंधारात त्यांचा व्ह्यूफाइंडर अंधारत असे, माझा उजळतो.

माणसे चालती असतील, तर पापणी पाहायला वेळ नसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एफ/८ ठेवते, कडे पाच मीटरवर आणते आणि नंतर त्याला हात लावत नाही. लेन्सवर कोरलेल्या अंतराच्या पट्टीनुसार साधारण साडेतीन मीटरपासून नऊ मीटरपर्यंत सगळे स्पष्ट येते. कोणताही ऑटोफोकस याहून वेगवान असू शकत नाही, कारण इथे फोकस करण्याचे कामच उरलेले नसते. नव्या लेन्समध्ये ही पट्टी बहुधा नसते. मला तिची फार किंमत वाटते.

दुसरी लेन्स मी नंतर घेतली, सोव्हिएत काळातील हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२. युद्धापूर्वीच्या जर्मन बायोटारच्या रचनेवरून ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे बनवली जाऊ लागली. तिच्या गरगर फिरणाऱ्या पार्श्वभूमीची फार चर्चा होते. पूर्ण उघड्या छिद्रावर कडेच्या प्रकाशबिंदूंना लेन्सची नळी कापते, ते मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात, आणि मध्याभोवती गोल मांडल्यामुळे भोवरा फिरल्याचा भास होतो. माणसामागे पानांचा पडदा ठेवून तोच भोवरा पुन्हा पुन्हा दाखवणारे फोटो मला पाहवत नाहीत. त्यात माणूस हरवतो. परंतु चवथीला आमच्या घरी गणपतीवर टांगलेल्या माटोळीचा फोटो मी मुद्दाम हेलिओसने काढला. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरंजन, हरणाची फुले, कांगल्यांची लालभडक फळे आणि आंब्याचे टाळे, हे सगळे लाकडी चौकटीला बांधलेले आणि पहाटेचा उजेड मागच्या दारातून येणारा. खाली बसून वर पाहिले, तर मधल्या नारळाची शेंडी तेवढी स्पष्ट आणि रान सारे तिच्याभोवती फिरते आहे असे ते चित्र आले. माटोळीखाली बसणाऱ्याला ती तशीच दिसते.

आजच्या बहुतेक लेन्सच्या काचांवर प्रतिबिंबे थोपवणारा अनेक थरांचा लेप असतो. १९७१ मध्ये पेंटॅक्सने सुपर-मल्टी-कोटेड मालिका आणली, पण मामांची लेन्स त्याच्या आधीची आहे. समोर दिवा आला, की तिच्यात त्याचे भूत उमटते. हा दोष आहे, आणि मी त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकले ते दिवजोत्सवात. त्या रात्री सुवासिनी हातात पेटते दिवज (अनेक वातींचा मातीचा दिवा) घेऊन देवळाभोवती प्रदक्षिणा घालतात, विजेचे दिवे मंद केलेले असतात, आणि शेकडो ज्योती चालत येतात. पहिल्या वर्षी माझ्या फोटोंत प्रत्येक ज्योतीचे एक हिरवट प्रतिबिंब विरुद्ध कोपऱ्यात पडले होते. पुढच्या वर्षी मी ज्योत चित्राच्या मध्याजवळ ठेवली, म्हणजे तिचे भूत तिच्याच अंगावर पडते, ४९ मिमीच्या आट्यांवर जुने धातूचे हूड लावले आणि पुढचा फिल्टर काढून ठेवला, कारण सपाट काच प्रतिबिंबात भरच घालते. एफ/२, सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, आयएसओ ३२००. मामी चौथ्या रांगेत होत्या. दिवजाच्या वाती त्यांच्या हनुवटीच्या खाली, नथीतल्या मोत्यावर एक ठिपका, आणि मागच्या बायकांच्या ज्योती मऊ, गोल, कडेला किंचित दबलेल्या. नव्या लेन्सने काढलेल्या फोटोत मागचा अंधार काळा ठार येतो. यात तो किंचित धुरकट आहे, तेलाच्या धुराने त्या रात्री खरोखरच होता तसा.

त्या फोटोची मोठी प्रत मी मामांना नेऊन दिली. चष्मा वर करून त्यांनी ती डोळ्याजवळ धरली आणि छिद्र किती ठेवले होते ते विचारले. मी सांगितले. “मी १.४ वरच काढायचो,” ते म्हणाले, “फिल्म शंभरची असायची आणि निम्मे फोटो हलायचे. तुझ्या मामीचे डोळे बघ कसे आलेत.” मग त्यांनी टॉर्च मागितला, कॅमेऱ्यावरून लेन्स आटे मोजत सोडवली, छिद्र पूर्ण उघडले आणि मागून प्रकाश टाकून कडेपासून कडेपर्यंत बराच वेळ पाहिली. धागा कुठेच नव्हता.